न विचारता गायलेलं गाणं

शिडीवर चढलेल्या माणसाला खालून हाक मारू नये म्हणतात. तिने मारली.

"अहो, ऐकता का? नववीचा वर्ग कुठे आहे?"

शिडी डुगडुगली, भिंतीवरचा भलामोठा नकाशा एका कोपऱ्यातून सुटला आणि अख्खा महासागर तिच्या डोक्यावर येऊन पडला. कापडाच्या अंधारात तिला घाईघाईने उतरणारी पावलं ऐकू आली. मग कुणीतरी हलक्या हाताने समुद्र बाजूला केला.

"लागलं का तुम्हाला?"

"लागलं नाही. बुडाले फक्त."

तो हसला नाही, पण हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं हे तिने पाहिलं. उंच, किडकिडीत, पस्तिशीचा माणूस. खडूने पांढरा झालेला हात. तिच्या केसांतून गळणारे थेंब त्याच्या लक्षात आले.

"भिजलात तुम्ही. इथे सरी अशाच अचानक येतात. जल हवं का थोडं?"

"जल?" तिने केस पिळले. "नको, पुरेसं मिळालंय वाटेत."

आता मात्र तो हसला. मग व्हरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "नववीचा वर्ग मावळतीच्या टोकाला. या भिंतीच्या कडेने सरळ जा."

मावळतीच्या टोकाला! आजकाल कोण बोलतं असं? शब्दांवरच पोट भरणारी बाई ती. तिच्या कानांनी तो शब्द टिपकागदासारखा शोषून घेतला.

"तुमचं नाव?" तिने विचारलं.

त्याची नजर खाली पडलेल्या नकाशाकडे गेली. "मी… भूगोल."

"अरे वा. मग मी गाणी."

अशी ओळख झाली. पुढचे सहा आठवडे दोघांनी एकमेकांना दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही.

ती गीतकार होती. नाटकांना, जाहिरातींना, कधीमधी सिनेमाला गाणी लिहून द्यायची, साध्या चालीही लावायची. तिचं नाव रस्त्यावर कुणी ओळखत नव्हतं, पण तिची तीन-चार गाणी लोक भांडी घासताना गुणगुणत होते आणि तिला तेवढं पुरे होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. रोज शेवटचे दोन तास, नववीची तीस मुलं, आणि शेवटी मुलांनीच लिहिलेल्या गाण्यांचा एक कार्यक्रम. वर्गात गिटार वाजली की शेजारचे बीजगणितवाले तक्रार करत, म्हणून दोनच दिवसांत तिला भूगोलाची खोली मिळाली. खोली त्याची, नकाशे त्याचे. तिथला जुना पृथ्वीगोल नुसत्या धक्क्याने आसावरून निसटायचा, म्हणून त्याचं रक्षण करायला तो शेवटच्या बाकावर वह्या तपासत बसू लागला.

निदान कारण तरी तेच सांगितलं होतं त्याने.

"घरातला एक आवाज ऐका आणि लिहून आणा," तिने मुलांना पहिला अभ्यास दिला. दुसऱ्या दिवशी एकाने वाचलं, ‘आमचा फ्रिज एकटा असला की स्वतःशी बडबडतो.’ वर्ग खो-खो हसला. खिडकीजवळच्या मुलीने मात्र मान खाली घालून वाचलं, ‘आई दार आपटते, बाबा टीव्ही मोठा करतात… मधली भिंत मी.’ तेव्हा कुणी हसलं नाही.

तास संपल्यावर तिने त्या मुलीला थांबवलं. "फार चांगलं लिहिलंस. कार्यक्रमात घेऊ या. पण आधी घरी विचार."

"का मॅडम? लिहिलंय तर मी."

"लिहिलंस तू. पण गोष्ट तिघांची आहे. ज्याची गोष्ट, त्याला विचारल्याशिवाय चारचौघांत न्यायची नाही."

दोन दिवसांनी ती मुलगी येऊन म्हणाली, "आई आधी रडली. मग म्हणाली, वाच."

शेवटच्या बाकावरून भूगोलसरांनी वहीतून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. पण त्या दिवशी घरी जाताना तिला उगाचच हलकं-हलकं वाटत राहिलं.

त्याचे शब्द ती वहीत टिपून ठेवू लागली. तो पूर्वेला उगवती म्हणे, पृथ्वीला वसुंधरा. ढगांतून पडायच्या त्या सरी, आणि हातात धरायचा तो ग्रंथ. पान पंचावन्न उघडायला सांगायचं तर म्हणायचा, "चोपन्नच्या समोरचं." सगळी शाळा एव्हाना पश्चिमेला मावळती म्हणत होती. शिपाईसुद्धा सांगे, मावळतीचा नळ दुरुस्त झालाय.

"ताई, माणूस आहे की कवितासंग्रह!" ती फोनवर मोठ्या बहिणीला म्हणाली.

"लग्न झालंय का संग्रहाचं?" ताईने विचारलं.

"नाही वाटतं."

"मग वाच की शांतपणे. आणि जेवत जा वेळेवर."

बिनसलं ते चौथ्या आठवड्यात. एका मुलाने सुरेख गाणं लिहून आणलं होतं, पण त्याचा घसा बसला होता. तिने कागद शेवटच्या बाकापाशी नेला. "भूगोलसर, तुम्ही वाचा ना. तुमच्या आवाजात ऐकायचंय सगळ्यांना." मग हळूच, त्याच्यापुरतं, "मलासुद्धा."

त्याने कागद घेतला. पहिला शब्द होता ‘पाऊस’. तो त्या शब्दाकडे बघत राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने कागदाची घडी करून बाकावर ठेवली. "मला… काम आहे जरा," असं म्हणून तो निघून गेला. पृथ्वीगोल तसाच टाकून.

तीस मुलांसमोर तिचं तोंड एवढंसं झालं. "शिष्ट आहे नुसता," ताईला तिने त्या संध्याकाळी सांगितलं. ताई म्हणाली, "शिष्ट माणूस कान लाल करून जात नाही गं. कपाळाला आठ्या घालून जातो."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने तिला नकाशांच्या कोठीत बोलावलं. कोठी कसली, जिन्याखालचा कोनाडाच. गुंडाळलेल्या कापडी नकाशांचा आणि खळीचा वास. दोघं उभे राहिले की तिसऱ्याला जागा नाही.

"काल मी निघून गेलो. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं."

"मला ते वाचता आलं नसतं. तो शब्द…" त्याने डोळे मिटले. "प्… प्… प्—"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, जबडा आवळला होता, आणि त्या इवल्याशा कोठीत एक अक्षर दार ठोठावत होतं. ती हलली नाही. तिने नजरही वळवली नाही.

"पाऊस," तो शेवटी म्हणाला आणि धावून आल्यासारखा धापा टाकू लागला.

तिच्या वहीतली ती सगळी पानं एका क्षणात वेगळी दिसू लागली. उगवती, मावळती, वसुंधरा, सरी… एका अक्षराला चुकवून काढलेल्या आडवाटा होत्या त्या.

"शाळेत कुणाला माहीत नाही," तो म्हणाला. "तेरा वर्षं झाली. माझं नावसुद्धा त्याच अक्षराचं आहे."

"म्हणून भूगोल!"

"म्हणून भूगोल." तो किंचित हसला. "तुम्ही मध्ये शब्द घातला नाहीत. बहुतेक जण घालतात. माझा शब्द माझ्या तोंडातून काढून घेतात आणि वर वाटतं त्यांना, मदत केली."

मग त्याने तिला ती गोष्ट सांगितली. लहानपणी घरात त्याची आई म्हणायची, अडलं की गाऊन सांग, गाताना अडत नाही. आणि खरंच अडायचं नाही. तो नऊ वर्षांचा असताना आईने त्याला कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला धाडलं. रांगेत त्याची पाळी आली, शब्द अडला, मागचे लोक चुळबुळू लागले. तेव्हा त्याने ते गाऊन सांगितलं, चांगली चाल लावून, हात मागे बांधून. सगळी रांग हसली. बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला, गवयाला आज फुकट! त्याने पाव घरी आणला, आईच्या हातात दिला आणि सांगितलं की यापुढे तो गाणार नाही. आईने एकदाही आग्रह केला नाही. त्या दिवसापासून ती स्वतः बेकरीत जाऊ लागली.

"हे मी आजवर सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "आधी वाटलं, तुम्ही हसाल."

"हसले असते तर?"

"तर गाणी चांगली लिहिता, एवढंच म्हणालो असतो घरी जाऊन."

"आणि आता काय म्हणाल घरी जाऊन?"

तेवढ्यात घंटा झाली. दोघं एकदमच दाराकडे वळले, खांद्याला खांदा लागला आणि उगवतीचा एक अख्खा खंड घरंगळत खाली पडला. दोघांनीही तो उचलायला फार वेळ लावला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिला विचारावं. संध्याकाळी ती दोघं एका छत्रीतून बसथांब्यापर्यंत जात. तिची बस आधी यायची. ती सोडून द्यायची. मग त्याची यायची.

"गेली तुमची बस," ती म्हणायची.

"जाऊ दे. बसचं काय, दुसरी येते. गाण्याचं तसं नसतं ना?"

"गाण्याचं म्हणजे, कोणत्या? शाळेतल्या की शेजारी उभ्या असलेल्या?"

"छत्री नीट धरा, गाणीमॅडम. डावा खांदा भिजतोय तुमचा."

तिच्यापाशी तो आता अक्षर चुकवत नसे. पहिल्यांदा ‘पाणी’ म्हणाला, तेव्हा अर्धं मिनिट लागलं. समोरून एक बस आली, थांबली, गेली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकी दिली नाही. पाण्याची बाटली पुढे केली, बस्स. त्या साध्या करण्यानेच तो भारावला असावा, कारण बाटली घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवरून निघायला तयार नव्हती.

मुख्याध्यापिकेने याच सुमारास तिला पुढचं वर्षभर राहण्याबद्दल विचारलं. पत्र तयार होतं, फक्त सही हवी होती. तिने आठ दिवस मागून घेतले. शहरात तिची कामं अडली होती. पण खरं सांगायचं तर तिला त्या पत्रावर आणखी एका माणसाचं म्हणणं ऐकायचं होतं.

कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना बसथांब्यावर तो म्हणाला, "कार्यक्रम होऊ दे. मग मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आत्ता सांगा."

"आत्ता नाही जमणार. त्यातला मुख्य शब्द… त्याच अक्षराचा आहे." तो छत्रीच्या काड्या मोजत असल्यासारखा वर बघत होता. "सराव करतोय. घरी, आरशासमोर. कालपर्यंत दहातून चारदा आला."

कुठला शब्द, हे कळायला गीतकार असावं लागत नव्हतं. "लिहून द्या मग," ती म्हणाली. "लिहिताना तर अडत नाही."

"नाही. हा बोलायचाय."

"मी वाट बघीन."

"बघाल?"

"चार दिवस म्हणजे काय मोठं!"

पण चार दिवस तिला धीर धरवला नाही. आनंद पोटात मावत नव्हता. आनंद असो की दुःख, तिला एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे त्याचं गाणं करणं. त्याच संध्याकाळी ती लिहायला बसली. बेकरीची रांग आली, मुठीतलं नाणं आलं, मावळती आली. चाल तर आपसूकच आली. प्रत्यक्षात त्याच्याशी बोलताना ती कधी ‘अहो’च्या पलीकडे गेली नव्हती, गाण्यात पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली. तो त्याचा शब्द सांगायच्या आधी आपण आपला द्यावा, सगळ्यांसमक्ष, अभिमानाने, असं तिला वाटलं. भेट म्हणून.

"ताई, ऐक," तिने फोनवर गाऊन दाखवलं.

ताईने शेवटपर्यंत ऐकलं. "गाणं गोड आहे. पण त्याला आवडतेस ना तू? मग तोंडाने सांग की सरळ. मध्ये गाणं कशाला?"

"मला असंच येतं सांगता."

"त्याला दाखवलंस?"

"दाखवलं तर गंमत काय राहिली?"

कार्यक्रम दुपारी चारला सुरू झाला. सभागृह गच्च भरलं होतं. चारशेच्या वर माणसं, निम्मे पालक. मुलांनी बहार उडवली. फ्रिजचं गाणं लोकांनी पुन्हा-पुन्हा म्हणायला लावलं. खिडकीजवळच्या मुलीने आपलं गाणं म्हटलं, तेव्हा तिचे आईवडील एकाच रांगेत, दोन खुर्च्यांचं अंतर ठेवून, पण एकदमच डोळे पुसत होते. मुख्याध्यापिका खूश होऊन माइकवर म्हणाल्या, "आता मॅडमनी स्वतःचं एक गाणं म्हणावं, मग भूगोलसर आभार मानतील."

तिने गिटार घेतली आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले.

‘रांगेत उभं एक इवलंसं गाणं,
मुठीत नाणं, ओठांत पाव…
हसली ती रांग, मुकं झालं गाणं,
तेव्हापासून त्याने बदलला गाव.

मावळतीला तो पश्चिम न म्हणे,
सरींना म्हणेना पाऊस कधी…
अडल्या अक्षराला हात देईन मी रे,
तू ये सावकाश, मी आले आधी.’

‘मावळती’ या शब्दाला सभागृहात एक हलकी कुजबुज उठली. तिला ती दाद वाटली. टाळ्या पडल्या तेव्हा तिने डोळे उघडले. तीस मुलं माना वळवून एकाच दिशेला बघत होती. रंगमंचाच्या पायऱ्यांशी तो उभा होता. हातात आभाराचा कागद, आणि चेहरा त्या कागदासारखाच पांढरा.

तेव्हा तिला कळलं. पण तोवर तो माइकपाशी पोचला होता.

"आदरणीय मुख्याध्यापिका," तो म्हणाला, "विद्यार्थी, आणि त्यांचे आई-वडील…"

"पालक!" मागून कुणीतरी दबक्या आवाजात सांगितलं. एक बारीकसं हसू पसरलं. त्यात दुष्टावा नव्हता. लोकांना कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, एवढंच.

तो थांबला. त्याने कागदाकडे पाहिलं. त्या कागदावर त्याने वळणावळणाने जपून आखलेली वाट होती, आणि आता चारशे माणसं प्रत्येक वळणावर उभी राहून बघणार होती. त्याने कागद खाली केला. समोर बघितलं.

"प्… प्… प्—"

सभागृह चिडीचूप झालं. पुढच्या रांगेतून एक चिमुकला आवाज आला, अगदी मायेने, "सर, गाऊन सांगा ना!" सगळे हसले. मग कुणीतरी धीर द्यायला टाळ्या सुरू केल्या, ठेक्यात, आणि सभागृहाने तो ठेका धरला.

त्याने कागदाची घडी केली, टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून बाजूच्या दाराने निघून गेला.

ठेका विस्कटत थांबला. लोक खुर्च्या सरकवू लागले. ती गिटार तशीच धरून उभी होती. खिडकीजवळची मुलगी तिच्यापाशी आली.

"मॅडम, तुम्ही सरांना विचारलं होतं?"

तिची नजर बाजूच्या दाराकडे गेली. मुलगी थोडा वेळ थांबली आणि आईवडिलांकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, तरी तो भूगोलाच्या खोलीत असेल हे तिला माहीत होतं. तो होता. खिडकीशी बसून एका फाटक्या नकाशाला मागून कापडी पट्टी चिकटवत होता.

"मी चुकले," ती दारातूनच म्हणाली.

"बसा."

ती बसली नाही. "मला वाटलं तुम्हाला आवडेल."

"आवडलं. गाणं चांगलंच आहे. त्याचाच त्रास होतोय." तो पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला. "मी ते तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला. चारशे जणांना नाही."

"मला सगळ्यांना सांगायचं होतं की माझं… की मला तुम्ही…"

"मला कुठे सगळ्यांना सांगायचं होतं?" तो शांतपणे म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं. "मला फक्त तुम्हाला सांगायचं होतं. तेवढ्यासाठी रोज आरशात तोंड वेडंवाकडं करत होतो."

"मग सांगा ना. आत्ता. मी इथेच आहे. मला राहायला सांगितलंय वर्षभर, पत्र आहे माझ्याकडे. तुम्ही म्हणालात तर…"

त्याने पट्टी खाली ठेवली. तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेत अजूनही ओळख होती, म्हणूनच तिला आशा वाटली. त्याचे ओठ मिटले.

"प्—"

खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"प्… प्—"

गळ्याची तीच शीर. तोच आवळलेला जबडा. तिला ते पाहवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला कळायच्या आत तिच्याच तोंडून शब्द गेला.

"प्रेम?"

त्याचे ओठ सैल झाले. त्याने एक लांब श्वास सोडला, आणि त्या श्वासासोबत त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी कायमचं मिटलं.

"नाही," तो म्हणाला. "‘पुरे’ म्हणत होतो."

खरंच तो ‘पुरे’ म्हणत होता का, की तिने शब्द हिसकावला म्हणून त्याने दुसरा दिला, हे तिला कधीच कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती आपल्या मनाला दोन्हीकडून समजावत राहिली. दोन्हीकडून ते सारखंच दुखलं.

पत्रावर तिने सही केली नाही. बसमधून ताईला फोन केला आणि काही बोलायच्या ऐवजी नुसती रडली. ताईने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. "घरी ये. गरम जेवू आपण," एवढंच म्हणाली.

ते गाणं तिने पुन्हा गायलं नाही. एका निर्मात्याच्या कानावर त्याची चाल कुठूनशी गेली होती. त्याने दोनदा मागितलं. "ते माझं नाहीये," ती म्हणाली. त्याला वाटलं, चोरीचं असेल. तिनेही गैरसमज दूर केला नाही. तिने दोन पत्रं लिहिली, माफीची. उत्तर आलं नाही. ते येणार नाही हे गृहीत धरूनच ती लिहिली होती. फोन तिने केला नाही. फोनवर त्याला किती कष्ट पडतात हे तिला माहीत होतं.

अडीच वर्षं गेली.

दुसऱ्याच एका गावात शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं. मुलांना लिहितं कसं करावं, यावर तिचा तास होता. दुपारी साडेतीनचा. ती व्हरांड्यातून जात असताना नोंदणीच्या टेबलापाशी तिला ओळखीची पाठ दिसली.

टेबलामागच्या बाईने विचारलं, "नाव?"

"प्… प्…" तो म्हणाला. बाई वर बघत राहिली. त्याने घाई केली नाही, मान खाली घातली नाही, दुसरा शब्दही शोधला नाही. अडत-अडत त्याने आपलं नाव आणि आडनाव पूर्ण सांगितलं. मग "धन्यवाद" म्हणून वळला, आणि समोर ती.

"तुम्ही!" तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता, आणि तेच तिला सोसायला कठीण गेलं. "शिबिराच्या यादीत तुमचं नाव वाचलं होतं. कशा आहात?"

"बरी आहे. तुम्ही… वेगळे दिसता."

"जाड झालोय थोडा." तो हसला. "आता वर्ष सुरू झालं की मी अडतो हे मुलांना एका दमात सांगून टाकतो. म्हणजे, एका दमात नाही, दोन-तीन दमांत. प्… पश्चिमेला पश्चिमच म्हणतो. वेळ लागतो, मुलं बसतात."

"तुमची पत्रं मिळाली," तोच पुढे म्हणाला. "उत्तर द्यायला हवं होतं. आधी राग होता. राग गेला, तोवर उशीर झाला होता."

"राग असायलाच हवा होता."

त्यावर तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. ते तिला आवडलं. मग त्यानेच सांगितलं, की पुढच्या महिन्यात लग्न आहे. शाळेच्या ग्रंथालयात नवीन आलेल्या बाई. दोन घरं सोडून राहतात. आईला फार आवडल्या.

"अभिनंदन," ती म्हणाली, आणि ते मनापासून निघालं याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. विचारू नये ते ओठांवर आलंच. "तो शब्द… त्यांना म्हणालात?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं ऐकायचा हक्क आहे, असं त्याने मनाशी ठरवलं असावं.

"म्हणालो. फार वेळ लागला. चहा गार झाला." आठवणीने त्याचा चेहरा उजळला आणि तिच्यासाठी लगेच जपून मंद झाला. "ती थांबली."

"छान झालं," ती म्हणाली.

आत सभागृहात चाळीस शिक्षक वह्या उघडून बसले होते. त्याने तिच्यासाठी दार धरलं. ती आत गेली, पर्स टेबलावर ठेवली आणि खडू शोधू लागली.